सहावे उदाहरण

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

हा प्रश्न फळ्यावर लिहिला तर मुले काय करतील? प्रथम विभाज्यतेच्या कसोट्या लावतील. एककस्थानी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९ येते, तेव्हा ३ बाद. एकाआड एक अंक घेऊन केलेल्या बेरजा २१ आणि ३८, त्यांच्यातला फरक १७, म्हणून ११ ही बाद. ७ ने भागून पाहिले तर बाकी ५ उरते, १३ ने भागले तर १०. इथपर्यंत उत्साह टिकतो. पुढे १७, १९, २३... आणि मग कोणीतरी विचारते, ‘‘हे कुठपर्यंत करायचे?’’

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तरही देता येते. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आहे, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा फक्त एकाने कमी. आपल्या संख्येचे दोन विभाजक असतील आणि दोन्ही ६५,५३६ पेक्षा मोठे असतील, तर त्यांचा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा मोठा होईल. म्हणून ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. अशा मूळ संख्या आहेत ६,५४२. एका भागाकाराला दोन मिनिटे धरली तरी दोनशे तासांहून अधिक काम झाले!

या संख्येविषयीचा एक अंदाज एका फार मोठ्या गणितज्ञाने केला होता आणि तो चुकीचा ठरायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. तो अंदाज का केला गेला आणि कसा मोडला, हे समजून घेण्यासाठी शाळेतल्या गणितापेक्षा फारसे जास्त काही लागत नाही. आणि त्यातून जे हाती लागते ते आपल्या रोजच्या शिकवण्याशी थेट संबंधित आहे.

संख्या आली कुठून?

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. अर्धा पट, म्हणजे ३२ घरे भरली की एकूण दाणे होतात ४,२९,४९,६७,२९५. तेहतिसाव्या घरात येतात त्याहून एक जास्त, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ दाणे. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात. त्यात आणखी एक मिळवला की आपली संख्या तयार होते.

पण २ च्या घातात १ मिळवून पाहायची कल्पना का सुचावी? थोडे आकडे मांडून पाहू. २ च्या तिसऱ्या घातात १ मिळवला तर ९ येतात, त्याला ३ ने भाग जातो. पाचव्या घातात मिळवला तर ३३, पुन्हा ३ ने भाग जातो. सहाव्यात मिळवला तर ६५, म्हणजे ५ गुणिले १३. बाराव्यात मिळवला तर ४०९७, म्हणजे १७ गुणिले २४१. घातांकाला ३, ५, ७ अशा एखाद्या विषम संख्येने भाग जात असेल तर उत्तर संयुक्तच येते. नववीतले सूत्र आठवा: अ चा घन अधिक १ याला (अ + १) ने नेहमी भाग जातो. घन असो, पाचवा घात असो की सातवा, विषम घात असला की हे होतेच.

मग मूळ संख्या मिळण्याची आशा कुठे राहते? ज्या घातांकाला १ सोडून कोणत्याच विषम संख्येने भाग जात नाही तिथे, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ असे घातांक घेतल्यावर. तेवढेच करून पाहू:

२ + १ = ३
४ + १ = ५
१६ + १ = १७
२५६ + १ = २५७
६५,५३६ + १ = ६५,५३७

३, ५, १७ आणि २५७ मूळ आहेत हे लगेच पटते. ६५,५३७ साठी थोडी मेहनत लागते, पण तीही मूळच आहे. पाचपैकी पाच!

फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा याला हेच दिसले. गणित हा त्याचा पेशा नव्हता, छंद होता. १६४० साली त्याने पत्रातून असे मत मांडले की, या रीतीने मिळणाऱ्या सर्वच संख्या मूळ असतात. आपल्याकडे याची पक्की सिद्धता नाही हे त्याने प्रांजळपणे लिहिले होते, पण आपली खात्री आहे असेही म्हटले होते. या यादीतली सहावी संख्या म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७.

१७२९ साली गोल्डबाख याने आपला तरुण मित्र लेओनार्ड ऑयलर याला पत्र लिहून फर्माच्या या विधानाबद्दल विचारले. ऑयलर तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत होता. १७३२ मध्ये त्याने उत्तर दिले:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

गुणाकार करून पाहा. ६७,००,४१७ ची ६०० पट ४,०२,०२,५०,२०० आणि ४१ पट २७,४७,१७,०९७. बेरीज बरोबर येते. सहावे उदाहरण फर्माच्या विरुद्ध गेले होते.

बाकीचे अंकगणित

दहा अंकी संख्येला ६४१ ने भागणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. पण हा भागाकार न करताही आपण निष्कर्षाला पोचू शकतो. त्यासाठी एकच गोष्ट लागते: गुणाकाराची बाकी हवी असेल तर आधी प्रत्येक संख्येची बाकी काढावी आणि बाक्यांचा गुणाकार करावा.

उदाहरणार्थ, २३ आणि ३८ यांच्या गुणाकाराला ७ ने भागले तर बाकी काय उरेल? २३ ची बाकी २, ३८ ची बाकी ३, त्यांचा गुणाकार ६. आता प्रत्यक्ष पाहू: २३ × ३८ = ८७४ आणि ८७४ = ७ × १२४ + ६. बाकी ६ च येते. याचे कारण मुलांनाही सहज कळते. ७ च्या पटीत असलेला भाग कितीही गुणला तरी ७ च्या पटीतच राहतो, त्यामुळे बाकीवर त्याचा परिणाम होत नाही.

आता २ पासून सुरुवात करून वर्ग करत जाऊ. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६. हा झाला २ चा आठवा घात. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा सोळावा घात. याला ६४१ ने भागले तर १०२ वेळा भाग जाऊन १५४ उरतात. आता बत्तिसाव्या घातासाठी ६५,५३६ चा वर्ग करत बसायचे कारण नाही. १५४ चाच वर्ग करू: २३,७१६. आणि ६४१ × ३७ = २३,७१७. भाग पुरा जायला फक्त १ कमी पडतो! आपल्या संख्येत नेमका तोच १ मिळवलेला आहे. म्हणून ६४१ ने निःशेष भाग जातो.

वर्गामागून वर्ग करत मोठा घात गाठण्याची ही युक्ती फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरू अक्षरांच्या एकूण रचना मोजण्यासाठी २ चा घात काढण्याची अशीच रीत सूत्ररूपाने दिली आहे. आज संगणकही मोठे घात याच तत्त्वाने काढतो.

याहूनही सुंदर एक मार्ग आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ५ × १२८ + १. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून कळते की ५ × १२८ हा ६४१ ला १ ने कमी पडतो, म्हणजे ६४१ ने भागण्यापुरते तो उणे १ सारखा वागतो. १२८ म्हणजे २ चा सातवा घात. दोन्हीकडे चौथा घात घेतला तर (५ चा चौथा घात) × (२ चा अठ्ठाविसावा घात) हा अधिक १ सारखा वागेल. दुसऱ्या मांडणीवरून ५ चा चौथा घात हा उणे १६ सारखा वागतो. त्याच्या जागी तो ठेवला की उणे १६ × (२ चा अठ्ठाविसावा घात), म्हणजेच उणे (२ चा बत्तिसावा घात) हा १ सारखा वागतो. दुसऱ्या शब्दांत, २ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवला की ६४१ ने भाग जातो. या रीतीत एकही मोठा गुणाकार करावा लागला नाही.

६४१ च का?

६४१ दिल्यावर ताळा करणे सोपे झाले. पण ६,५४२ मूळ संख्यांतून ऑयलरने ६४१ नेमका उचलला कसा? १८१२ साली लंडनमध्ये झेरा कोलबर्न नावाच्या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलाला हीच संख्या घातली गेली आणि त्याने तोंडी ६४१ हा विभाजक सांगितल्याची नोंद आहे. कसा काढला, हे मात्र त्या वयात त्याला सांगता आले नाही. ऑयलरची रीत आपल्याला समजू शकते, आणि ती फर्मानेच सिद्धतेशिवाय सांगितलेल्या दुसऱ्या एका प्रमेयावर उभी आहे.

२ च्या घातांना १७ ने भागून बाक्या ओळीने मांडू:

२, ४, ८, १६, १५, १३, ९, १

आठव्या जागी १ आला. यापुढे पुन्हा २, ४, ८... हेच चक्र सुरू होते. मधल्या, म्हणजे चौथ्या जागी १६ आहेत, १७ ला १ कमी. ते स्वाभाविकच आहे, कारण १७ म्हणजे २ चा चौथा घात अधिक १.

फर्माचे प्रमेय असे आहे की, कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी त्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या जागी बाकी १ येतेच. १७ साठी सोळाव्या जागी १ येणार. चक्राची लांबी ८, आणि १६ ही ८ ची पट आहे. ७ साठी बाक्या २, ४, १ अशा येतात. चक्राची लांबी ३, आणि ६ ही ३ ची पट. ११ साठी चक्र १० जागांचे आहे. थोडक्यात, मूळ संख्येतून १ वजा केला की उरलेल्या संख्येला चक्राच्या लांबीने नेहमी भाग जातो.

आता समजा, ‘प’ ही मूळ संख्या आपल्या दहा अंकी संख्येची विभाजक आहे. म्हणजे २ च्या घातांना ‘प’ ने भागत गेल्यास बत्तिसाव्या जागी ‘प’ ला १ कमी अशी बाकी येते, आणि म्हणून चौसष्टाव्या जागी १. तेव्हा चक्राची लांबी ६४ ची विभाजक असली पाहिजे. ती ६४ पेक्षा लहान असती तर ३२ लाही तिने भाग गेला असता आणि बत्तिसाव्या जागीच १ आला असता. तसे झालेले नाही. म्हणून चक्र बरोबर ६४ जागांचे आहे आणि ‘प’ मधून १ वजा केल्यावर उरलेल्या संख्येला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

केवढी चाळणी लागली पाहा! आता फक्त ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या पाहायच्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारालाच विभाजक सापडतो. दोनशे तासांचे काम दहा मिनिटांवर आले.

पुढे १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की ६४ च्या ऐवजी १२८ ची पट घेतली तरी चालते. मग ६४१ च्या आधी २५७ ही एकच मूळ संख्या तपासायला उरते.

याच चाळणीने दुसरा अवयवही तपासता येतो. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे. १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या तेवढ्यापर्यंतच्या मूळ संख्या म्हणजे २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. यांतल्या २५७ ने आपल्या दहा अंकी संख्येलाच भाग जात नाही, त्याचे कारण पुढे येईल. उरलेल्या चारांनी ६७,००,४१७ ला भागले तर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. सदुसष्ट लाखांच्या घरातली संख्या मूळ असल्याची सिद्धता चार भागाकारांत झाली.

दोनाने लहान शेजारीण

आपल्या संख्येतून २ वजा करू. ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे. ही २ च्या बत्तिसाव्या घातातून १ वजा करून येते, म्हणून दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावता येते: ६५,५३७ × ६५,५३५. दुसऱ्या अवयवाला पुन्हा तेच सूत्र लावले की २५७ × २५५. पुन्हा लावले की १७ × १५ आणि शेवटी ५ × ३. म्हणजे

४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

फर्माच्या यादीतल्या पहिल्या पाचही संख्या इथे एकत्र गुणलेल्या आहेत. यावरून लगेच कळते की सहाव्या संख्येला या पाचांपैकी कोणीही भागले तर बाकी २ च उरणार. २५७ ने भाग का जात नाही, ते इथे स्पष्ट होते.

ही गोष्ट यादीत पुढेही चालू राहते. प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या सर्व संख्यांचा गुणाकार अधिक २. मग यादीतल्या कोणत्याही दोन संख्यांना एकच मूळ संख्या भागू शकेल का? तसे झाले तर तिने २ लाही भागले पाहिजे. पण यादीतल्या सर्व संख्या विषम आहेत. तेव्हा ते शक्य नाही. म्हणजे यादीतली प्रत्येक संख्या, ती स्वतः मूळ असो वा नसो, निदान एक नवी मूळ संख्या घेऊन येते. यादीला अंत नाही, म्हणून मूळ संख्यांनाही अंत नाही. ही सिद्धता गोल्डबाखने १७३० साली ऑयलरला पत्रातून कळवली होती. फर्माचा अंदाज खोटा ठरला, पण त्याच्या यादीतून एक निर्विवाद सत्य हाती आले.

भूमितीतही या संख्या अनपेक्षितपणे भेटतात. १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गाउसने दाखवले की केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या यादीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हाच अशी आकृती काढता येते. अन्यथा ती काढता येत नाही हे वांझेल याने १८३७ मध्ये सिद्ध केले. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती निदान तत्त्वतः पट्टी-कंपासने काढता येते, आणि दोनच बाजू वाढवल्या तर ती अशक्य होते! डोळ्यांना दोन्ही वर्तुळासारख्याच दिसतील, पण एक शक्य आणि दुसरी अशक्य. ज्ञात मूळ संख्यांवरून काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या आकृतींत ही सर्वांत मोठी आहे.

विभाजक न सापडता

एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही विभाजक माहीत नसताना सांगता येईल का? येते. वर सांगितलेले फर्माचे प्रमेय २ प्रमाणेच ३ लाही लागू आहे. आपली संख्या मूळ असती तर ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग केल्यावर (आणि दर वेळी बाकी घेतल्यावर) शेवटी १ उरायला हवा होता. प्रत्यक्षात उरतात ३,०२,९०,२६,१६०. तेव्हा ती मूळ नाही. कोणत्या संख्येने भाग जातो, याचा या गणितात पत्ताही लागत नाही.

३ ऐवजी २ घेऊन हीच कसोटी लावली तर मात्र बाकी १ येते, आणि संख्या मूळ असल्यासारखी वाटते. कारण चौसष्टाव्या जागीच १ आलेला आहे आणि पुढे प्रत्येक चक्राच्या शेवटी तो येतच राहतो. एक साक्षीदार फसवा निघाला, दुसऱ्याने खरे सांगितले. १८७७ मध्ये पेपँ याने फर्माच्या यादीसाठी एक पक्की कसोटी दिली. आज ती ३ घेऊन वापरतात. त्यात एक वर्ग कमी करावा लागतो आणि निकाल दोन्ही बाजूंनी निश्चित मिळतो.

‘संयुक्त आहे’ हे कळणे आणि ‘विभाजक कोणते’ हे कळणे यांत किती अंतर असू शकते? यादीतली सातवी संख्या म्हणजे पूर्ण पटावरच्या दाण्यांत २ मिळवून येणारी वीस अंकी संख्या. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ हे लँड्री याने १८८० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध केले. आठव्या, ३९ अंकी संख्येची कथा अधिक बोलकी आहे. ती संयुक्त असल्याचे १९०५ मध्ये पेपँच्या कसोटीने ठरले, पण तिचे विभाजक सापडले १९७० मध्ये, संगणकाच्या मदतीने. मध्ये ६५ वर्षे गेली. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही तीन लाखांहून अधिक अंकांची संख्या संयुक्त आहे हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले, तिचा एकही विभाजक अजून कोणालाही माहीत नाही.

या अंतरावरच आज पैशांचे व्यवहार चालतात. बँकेचे संदेश गुप्त ठेवण्याची १९७७ ची रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांची पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार जाहीर करायचा, अवयव स्वतःजवळ ठेवायचे. या पद्धतीत सर्रास वापरला जाणारा एक घातांक आहे ६५,५३७, फर्माच्या यादीतली पाचवी संख्या. संख्या मूळ आहे की नाही हे लवकर ठरवता येते, हे तर भारतातच पक्के झाले: २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यासाठी सर्व संख्यांना चालणारी रीत सिद्ध केली. अवयव पाडण्याची तशी रीत साध्या संगणकासाठी अजून सापडलेली नाही.

आणि फर्माच्या यादीचे काय झाले? पहिल्या पाचांनंतर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत सर्व संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे. चौतिसाव्या संख्येत अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत आणि तिचा निकाल लागायचा आहे. पुढच्या सर्वच संयुक्त असतील असा अनेकांचा अंदाज आहे. पण तोही अंदाजच!

वर्गात

माझे काम प्रयोगांचे आहे. आमच्याकडे पाच वेळा एकच उत्तर आले तर आम्ही एखादा नियम मांडतो आणि पुढे जातो. सहाव्या वेळी वेगळे आले तर नियम दुरुस्त करतो. निसर्गाचा अभ्यास असाच होतो. गणितात मात्र पाच काय, पाच कोटी उदाहरणांनीही ‘नेहमी’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत आकृतिबंध ओळखून पुढची संख्या लिहा, अशी उदाहरणे भरपूर असतात आणि ती असावीतही. अंदाज करता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण ‘‘सर, नेहमी असेच येते’’ असे मूल म्हणाले की शाबासकी देऊन थांबायचे, की ‘‘का येते?’’ असे विचारायचे, हा निर्णय शिक्षकाच्या हातात असतो. फर्मासारख्याची जिथे फसगत झाली तिथे सातवीच्या मुलाची झाली तर नवल नाही. त्याला ती फसगत अनुभवायला मिळणे मात्र फार मोलाचे आहे.

त्यासाठी तीन उपक्रम सुचवतो.

पहिला, ६५,५३७ मूळ आहे हे मुलांकडून सिद्ध करून घ्या. २५६ पर्यंतच्या ५४ मूळ संख्या तपासाव्या लागतात. वरची चाळणी इथे ३२ च्या पटीत १ अशी लागते, आणि मग फक्त ९७ आणि १९३ या दोनच उरतात. बाक्या ६२ आणि ११० येतात.

दुसरा, एका संख्येच्या वर्गात ती संख्या आणि ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घ्या, उत्तर मूळ येते. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक-एक संख्या वाटून द्या. सगळ्यांची उत्तरे मूळ आली की मग ४० घ्यायला सांगा. उत्तर १६८१, म्हणजे ४१ × ४१.

तिसरा, वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी रेषेने जोडा आणि वर्तुळाचे किती तुकडे होतात ते मोजा. एका बिंदूला १, दोनांना २, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६ तुकडे होतात. सहा बिंदूंसाठी मुले आधीच ३२ लिहून मोकळी होतील. त्यांना तसे लिहू द्या. मग बिंदू समान अंतरावर न घेता, तीन रेषा एका ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेऊन मोठी आकृती काढायला सांगा. मोजणी ३१ येईल. काही मुले पुन्हा मोजतील, काही आकृती खोडून नव्याने काढतील, काही शेजाऱ्याच्या वहीत डोकावतील. त्या वेळी उत्तर सांगायची घाई करू नका.